माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन : पेशवाई बुडविणारा मुत्सद्दी
(करमाळा येथील व्याख्यानाचा मजकूर)

पेशवाईच्या अस्ताचा इतिहास सांगताना पुण्याच्या पलीकडे सहसा कोणी जात नाही. शनिवारवाडा, खडकी, येरवडा आणि मग एकदम ब्रह्मावर्त, असा तो प्रवास असतो. प्रत्यक्षात त्या अस्ताची निर्णायक पाने सोलापूर जिल्ह्याच्या भूमीवर लिहिली गेली आहेत. १८१२ मध्ये पेशवा आणि त्याचे जहागीरदार यांच्यातील तडजोड पंढरपुरास झाली. १८१५ मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून पंढरपुरासच झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले याच जिल्ह्यातील अष्टी येथे धारातीर्थी पडले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. या सर्व घटनांच्या मागे, कधी समोर येऊन तर बहुधा पडद्याआडून, एक माणूस उभा होता. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

ज्याने आपले राज्य घेतले त्याच्या चरित्राचे व्याख्यान करमाळ्यात कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर करमाळ्याच्याच इतिहासात सापडते. श्रीकमलाभवानीचे देवालय आणि त्या परिसरातील ९६ पायऱ्यांची प्रचंड विहीर ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे, ते रावरंभा निंबाळकर मराठ्यांचे नामांकित सरदार. शौर्यात कमी नव्हते, देवीच्या भक्तीत तर मुळीच कमी नव्हते. परंतु त्यांची तलवार चालली ती निजामाच्या बाजूने. कमलाभवानीचा निस्सीम भक्त आणि निजामाचा मनसबदार या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या ठायी नांदू शकत होत्या आणि त्या काळात त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नव्हते. एल्फिन्स्टनला नेमके हेच नवल न वाटणे ओळखता आले. मराठ्यांचे बळ कोठे आहे यापेक्षा त्यांची शिवण कोठे उसवते, याचा अभ्यास त्याने अधिक केला.

हा माणूस ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे एका उमराव घराण्यात जन्मला. चौथा मुलगा असल्याने घरची सरदारकी त्याच्या वाट्याला येणार नव्हती. तशा घरांतील धाकट्या मुलांनी कंपनीच्या नोकरीत जाऊन नशीब काढावे, हा त्या काळचा शिरस्ता होता. १७९६ मध्ये तो कलकत्त्यास उतरला तेव्हा पुरता सतरा वर्षांचाही नव्हता. काशीस नेमणूक झाली. तेथे जानेवारी १७९९ मध्ये अयोध्येचा पदच्युत नबाब वजीर अली याने इंग्रज अधिकाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा घोड्यावर बसून निसटल्यामुळे एल्फिन्स्टन वाचला. १८०१ मध्ये तो राजनैतिक खात्यात आला आणि पुण्याच्या रेसिडेन्सीत बॅरी क्लोजचा दुय्यम झाला. १८०३ च्या युद्धात तो आर्थर वेलस्ली याच्या तळावर होता. असई आणि आडगावच्या रणांगणांवर आणि गाविलगडाच्या वेढ्यात त्याने दाखविलेले धैर्य पाहून, या तरुणाने धंदा चुकीचा निवडला, त्याने शिपाईच व्हावयास हवे होते, असे वेलस्ली म्हणाल्याचे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा वेलिंग्टन तो हाच.

त्यानंतर चार वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी तो रेसिडेंट होता. १८०८ मध्ये कंपनीने त्याला काबूलच्या अमिराकडे वकील म्हणून धाडले. फ्रेंच आणि रशियन स्थलमार्गाने हिंदुस्थानवर येतील, या धास्तीतून निघालेली ती मोहीम होती. शाह शुजाची व त्याची भेट १८०९ मध्ये पेशावरला झाली, तहही झाला. परंतु शाई वाळते न वाळते तोच शुजाचे सिंहासन गेले आणि तहाचा कागद निरुपयोगी ठरला. दुसरा कोणी असता तर हात हलवत परतला असता. एल्फिन्स्टनने त्या काही महिन्यांत अफगाणांच्या टोळ्या, त्यांचे रीतिरिवाज, व्यापाराचे मार्ग, डोंगर आणि नद्या यांची इतकी माहिती जमविली की १८१५ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि युरोपात अफगाणिस्तानाविषयीचा तो आधारग्रंथ मानला गेला. अपयशी वकिलातीतूनही ज्ञान घेऊन परतावयाचे, हा त्याच्या स्वभावाचा भाग होता. स्वारीवर असताना तंबूत ग्रीक ग्रंथ वाचीत बसणारा, फारसी काव्यात रमणारा, अविवाहित, मितभाषी असा हा माणूस १८११ मध्ये पुण्याचा रेसिडेंट म्हणून दाखल झाला. वय वर्षे एकतीस.

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. पेशव्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता. १८०२ च्या वसईच्या तहाने त्याने कंपनीची तैनाती फौज पत्करली होती आणि ज्या फौजेने त्याला गादीवर बसविले, तीच फौज त्याचे राजकारण बांधून टाकीत होती. बाजीरावाच्या दरबारात काय चालते हे एल्फिन्स्टनला कळत असे. बाजीरावाला मात्र संगमावरील बंगल्यात काय चालते हे कळत नसे. या एका वाक्यात १८१७ च्या युद्धाचा निकाल आधीच लागलेला होता. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर नाना फडणविसांनी पुण्याच्या राजकारणाची जी बातमीदारीची व्यवस्था उभी केली होती, तिची इंग्रजांनाही धास्ती वाटे. नाना १८०० मध्ये गेले आणि ती व्यवस्था त्यांच्याबरोबरच गेली. तिची जागा भरून काढली ती परक्याने. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे एल्फिन्स्टनच्या पदरी होती. यशवंतराव घोरपड्यांनी पेशव्याचे अंतःस्थ बेत त्याला कळविले. ही माणसे मूर्ख नव्हती, अशिक्षित तर मुळीच नव्हती. आपले वतन, आपली जहागीर, आपला दरबारी वचपा यांपलीकडे ज्याच्यासाठी प्राण ठेवावा असे काही त्यांना दिसत नव्हते. इतिहासात त्यांना दूषणे देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्यांना तसे काही दिसू नये इतके स्वराज्य कशाने क्षीण झाले, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

या संदर्भात पंढरपूरची १८१२ ची तडजोड बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्याकडे इतिहासकारांचे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. पटवर्धन, निपाणीकर देसाई आदी दक्षिणेतील जहागीरदार आणि बाजीराव यांचे वैर जुने होते. पेशव्याला त्यांचे सरंजाम हवे होते, जहागीरदारांना पेशव्याची चाकरी नको होती. बाजीरावाचा विचार असा की इंग्रजी फौजेच्या बळावर या मंडळींना चिरडून टाकावे. एल्फिन्स्टनने ते होऊ दिले नाही. तसेच जहागीरदारांना पूर्णपणे मोकळेही सोडले नाही. तो फौजेसह पंढरपुरास गेला आणि जुलै १८१२ मध्ये त्याने अटी घातल्या. जहागीरदारांनी जुन्या वहिवाटीप्रमाणे पेशव्याची चाकरी करावी आणि बळकावलेले मुलूख परत द्यावेत. पेशव्याने त्यांच्या हक्काच्या सरंजामाला हात लावू नये आणि मागील अपराध उकरून काढू नयेत. या दोन्ही गोष्टींची हमी कंपनीची.

वरवर पाहता यात अन्याय कोणावरच नाही. किंबहुना कागदावर तो समतोल निवाडाच वाटतो. विष आहे ते शेवटच्या कलमात. त्या दिवसापासून पटवर्धनांना कळून चुकले की आपला सरंजाम पुण्याच्या कृपेवर नव्हे तर कलकत्त्याच्या शब्दावर टिकणार आहे. आणि बाजीरावाला कळून चुकले की आपल्याच सरदाराला शासन करावयाचे तर परवानगी संगमावरून आणावी लागेल. धनी आणि चाकर यांच्यामध्ये तिसरा येऊन बसला. एकही गोळी न झाडता, एकही गाव खालसा न करता मराठी राज्याचा कणा त्या दिवशी ढिला झाला. पाच वर्षांनी युद्ध पेटले तेव्हा हे जहागीरदार पेशव्याच्या निशाणाखाली आले खरे, पण कोणी उशिरा आले, कोणी मन घरी ठेवून आले. आषाढाच्या दिवसांत ज्या चंद्रभागेच्या वाळवंटात सर्व जाती-पंथांची माणसे एकमेकांच्या पाया पडतात, त्याच पंढरपुरात त्याच सुमारास महाराष्ट्राचे कर्ते पुरुष परक्याच्या साक्षीने आपसांतील भांडण मिटवीत होते!

तीन वर्षांनी, जुलै १८१५ मध्ये, याच पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री हे बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी. अहमदाबादचा इजारा आणि गायकवाडांकडील थकलेली बाकी यांचा निकाल लावण्यासाठी ते इंग्रजांच्या अभयावर पेशव्याकडे आले होते. बाजीरावाबरोबर ते आषाढी यात्रेला गेले आणि रात्री विठ्ठलाच्या देवळातून परतताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी पाहत होता. बातमी कळताच त्याने जो डाव टाकला तो मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणावा लागेल. संशय पेशव्यावरही होता. परंतु त्याने पेशव्यावर आरोप केला नाही. सर्व दोष त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर ठेवून त्याने त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. पेशव्याला स्वतःचा बचाव करावयाचा तर आपला सर्वांत कर्तबगार आणि इंग्रजांचा कट्टर द्वेष्टा असलेला माणूस सोडून द्यावा लागणार होता. सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या हाती गेले.

वर्षभराने, १२ सप्टेंबर १८१६ रोजी, त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. पहाऱ्यावरचे गोरे शिपाई मराठी जाणत नव्हते आणि बाहेर एक मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करताना गाण्यातून पळून जाण्याची वाट सांगत होता, अशी कथा आहे. एल्फिन्स्टनच्या साऱ्या बातमीदारीवर एका साध्या मोतद्दाराने मात केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण असे मोतद्दार थोडे होते. मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड जामीन म्हणून मागण्यात आले आणि जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याला मराठेशाहीचे पुढारपण सोडावे लागले, ३४ लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला, इतर दरबारांशी वकिलात ठेवण्याचा हक्कही गेला. शिवछत्रपतींचे रायगडासारखे स्थान तारण म्हणून मागितले जावे, यापरता अपमान कोणता?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. इंग्रजांचे सुमारे २,८०० शिपाई होते, मराठ्यांची फौज त्याच्या अनेकपट होती. मराठे पुढे सरकताच एल्फिन्स्टन संगमावरील बंगला सोडून नदीपार फौजेस जाऊन मिळाला. त्याच दिवशी मराठ्यांनी बंगला जाळला आणि त्याचा सारा ग्रंथसंग्रह व कागदपत्रे भस्मसात झाली. एवढ्या मोठ्या फौजेने जाळला तो बंगला. समोरची पलटण मात्र शाबूत राहिली. १७ नोव्हेंबरला पुणे पडले आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण बाळाजीपंत नातूंनी चढविले, असे सांगितले जाते.

त्यानंतर एल्फिन्स्टनने जे केले ते तोफांपेक्षा प्रभावी ठरले. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला घेतल्यानंतर लगेच त्याच्या नावाने जाहीरनामा निघाला. बाजीरावाचे राज्य संपले, साताऱ्याच्या छत्रपतींना बाजीरावाच्या कैदेतून सोडवून त्यांना स्वतंत्र राज्य दिले जाईल, वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने चालू राहतील, कोणाच्या धर्माला धक्का लागणार नाही, आणि जे शस्त्र खाली ठेवून दोन महिन्यांत घरी जातील त्यांना अभय आहे. या जाहीरनाम्यातील प्रत्येक वाक्य कोणा ना कोणा वर्गाला उद्देशून होते. भटजींना वर्षासन, पाटलाला वतन, सरदाराला सरंजाम, मराठ्यांना छत्रपतींचे नाव. जो तो आपल्यापुरते वाक्य वाचून घरी परतू लागला. सर्व वाक्ये एकत्र वाचणारे फार थोडे निघाले.

त्या थोड्यांतले अग्रणी बापू गोखले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीला जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्याच्या छावणीला गाठले. बाजीराव निघून गेले. बापू मागे राहिले आणि लढता लढता पडले. छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. ३ जून रोजी बाजीरावांनी माल्कमपाशी शस्त्र ठेवले आणि सालिना आठ लाखांच्या पेन्शनीवर ते ब्रह्मावर्तास गेले. पंढरपूरची वारी करणाऱ्यांनी अष्टीच्या रणभूमीवरही कधी थांबून जावे. तेथे पडलेल्या माणसाला माहीत होते की राज्य गेलेले आहे.

दख्खनचा कमिशनर म्हणून एल्फिन्स्टनने त्यानंतर जे शासन बसविले, त्यात हात कोणाचा लागतो हे दिसू नये याची काळजी होती. ग्रांट साताऱ्याला, रॉबर्टसन पुण्याला, पॉटिंजर नगरला, ब्रिग्ज खानदेशात, चॅप्लिन धारवाडला असे वेचक अधिकारी त्याने नेमले आणि जुनी व्यवस्था शक्यतो मोडू नये अशी ताकीद दिली. ऑक्टोबर १८१९ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलला जो अहवाल पाठविला, तो आजही प्रत्येक मराठी अभ्यासकाने वाचण्यासारखा आहे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांसह मराठी गाव म्हणजे राज्याचे सर्व अवयव असलेले एक लहानसे राज्यच आहे आणि वरची सत्ता नाहीशी झाली तरी ते आपले रक्षण करू शकेल, असे त्याचे निरीक्षण होते. मराठी अंमलात अनेक दोष असूनही देश भरभराटीत होता आणि कंपनीच्या अधिक शिस्तबद्ध राज्यातील काही अनर्थांपासून प्रजा मुक्त होती, अशी कबुलीही त्यात आहे. जिंकणाऱ्याने जिंकलेल्या राज्याविषयी दिलेली ही साक्ष आहे. पेशवाई म्हणजे केवळ अंदाधुंदी असे सांगणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

ही साक्ष खरी असली तरी साक्षीदाराला संत मानण्याचे कारण नाही. पेशव्याला परत आणण्याचा आणि पुण्यातील इंग्रजांना मारण्याचा एक कट उघडकीस आला, तेव्हा याच सुसंस्कृत, ग्रीक वाचणाऱ्या गृहस्थाने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले. मुंबईच्या गव्हर्नराने या कृत्याला कायद्याचे संरक्षण घेण्याचे सुचविले, तेव्हा त्याने ते नाकारले. आणि गाव हे राज्याचे बीज आहे असे लिहिणाऱ्याच्या सरकारने १८२० च्या दशकात जी जमीन-मोजणी आरंभली, तिने गावेच ओस पाडली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची ती आकारणी भीमेच्या पलीकडे, करमाळ्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात लागू झाली तेव्हा सारा इतका चढला की कुणबी गावे सोडून निघून गेले, कित्येक निजामाच्या हद्दीत शिरले. शेवटी सरकारला ती रद्द करावी लागली आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी इंदापुरापासूनच सुरू केली. पंचायतीची स्तुती अहवालात राहिली. १८२७ च्या कायदेसंग्रहानंतर न्याय अदालतीत गेला.

छत्रपतींना दिलेल्या शब्दाचे काय झाले? २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह साताऱ्याच्या गादीवर बसले. हा राजा कर्तबगार निघाला. त्याने रस्ते बांधले, पाणी आणले, शाळा काढल्या. कंपनीला कर्तबगार राजा नको होता. १८३९ मध्ये त्याच्यावर आरोप ठेवून त्याला पदच्युत केले व काशीला धाडले. तेथेच १८४७ मध्ये त्याचा अंत झाला. पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ शहाजी वारला आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केले. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला तेरा-चौदा वर्षे झगडत राहिले. ज्या जाहीरनाम्याने मराठ्यांना शस्त्र खाली ठेवावयास लावले, त्याचे आयुष्य तीस वर्षांचे निघाले. हा दोष एल्फिन्स्टनच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही, तो १८२७ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. परंतु पारतंत्र्यात दिलेला शब्द देणाऱ्याच्या सौजन्यावर टिकत नसतो, घेणाऱ्याच्या बळावर टिकतो.

१ नोव्हेंबर १८१९ पासून आठ वर्षे तो मुंबईचा गव्हर्नर होता. हिंदूंचा कायदा पोथ्यांत जितका आहे तितकाच रूढीत आहे हे ओळखून त्याने आर्थर स्टील यास पुणे प्रांतातील जातींच्या रूढी शास्त्र्यांना व जातींच्या प्रमुखांना विचारून लिहून काढावयास लावले. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा वळवून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. त्याच रोपट्याचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. मुंबईत शाळा व शाळांची पुस्तके तयार करणारी मंडळी त्याच्या आश्रयाने उभी राहिली आणि गणित, भूगोल, व्याकरण ही छापील मराठीत प्रथमच आली. मेकॉलेने १८३५ मध्ये जे केले, त्याहून हा मार्ग निराळा होता. एल्फिन्स्टनचा भर देशी भाषेवर होता, इंग्रजी हे त्यावर चढविलेले एक अंग होते. सरकारी शिक्षणात धर्मांतराचा शिरकाव होऊ नये याविषयीही तो सावध होता. त्याच्या सावधगिरीमागे हिंदुधर्मावरचे प्रेम होते की लोकक्षोभाची भीती, हा प्रश्न राहतोच. बहुधा दोन्ही होते.

त्याच्या तंबूत मराठी छापील पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने एकदा विचारले की ही कशासाठी. एल्फिन्स्टनने सांगितले की एतद्देशीयांना शिकविण्यासाठी, पण हाच आपला युरोपला परतण्याचा राजमार्ग आहे. मग गव्हर्नर असून तुम्हीच हे का आरंभिता, या प्रश्नावर त्याचे उत्तर होते की काही झाले तरी कर्तव्य करणे प्राप्त आहे. ही गोष्ट त्याच्या चरित्रात नोंदलेली आहे. तो मुंबई सोडून गेला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ नागरिकांनी वर्गणी जमविली आणि तीतून एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. वर्गणी देणाऱ्यांना तो मार्ग दिसत असेल किंवा नसेलही. पण त्या संस्थेत बाळशास्त्री जांभेकर शिकवू लागले, दादाभाई नौरोजी गणिताचे प्राध्यापक झाले, न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर तेथे शिकले. इंग्रजांनी या देशाचे किती धन नेले याचा हिशेब ज्यांनी मांडला, त्या दादाभाईंना गणित शिकवावयास बसविले होते ते एल्फिन्स्टनच्या नावाच्या आसनावर!

या शिक्षणविषयक धोरणातील एक बाजू मात्र गौरवाच्या भरात झाकली जाते, आणि ती हिंदू समाजाने विशेष करून पाहिली पाहिजे. आपल्या शिक्षणविषयक टिपणात एल्फिन्स्टनने मान्य केले की मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतील मुलेच उत्तम विद्यार्थी म्हणून आढळतात. तरीही त्याचा सल्ला असा की शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर उच्चवर्णीय त्यापासून दूर राहतील आणि ते पुढे पसरणारच नाही, म्हणून त्या बाबतीत जपून असावे. परक्या राज्यकर्त्याने दारावर जो अडसर घातला, तो त्याने घरातून आणला नव्हता. तो आमच्याच अंगणात पडलेला होता. त्याने तो उचलून फक्त सरकारी दाराला लावला. महात्मा फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मुलांसाठी शाळा चालविल्या, तेव्हा विरोध करावयास लंडनहून कोणी आले नव्हते.

शंभर वर्षांनी, मे १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले, त्यात एल्फिन्स्टनच्या याच टिपणाचा आधार घेऊन सरकारने या वर्गाला जाणूनबुजून मागे ठेवले असे दाखवून दिले. बाबासाहेब १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले होते आणि पदवीधरही एल्फिन्स्टन कॉलेजातूनच. ज्याच्या टिपणाने दार लोटले होते त्याच्याच नावाच्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या विद्वानाने ते टिपण कमिशनच्या मेजावर ठेवले. समरसतेचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे निवेदन मुळातून वाचावे.

विलायतेस परतल्यावर एल्फिन्स्टनने हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरलपद दोनदा नाकारले. प्रकृती साथ देत नव्हती. १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. जेम्स मिलने या देशाचे तोंड न पाहता हिंदू संस्कृतीची निंदा करणारा इतिहास लिहिला होता. एल्फिन्स्टनने त्याच्या तुलनेत पुष्कळच न्याय्य चित्र रेखाटले. हिंदू बाहेरून आले या मताविषयी त्याने नोंदविले की मनुस्मृतीत किंवा, त्याच्या माहितीप्रमाणे, वेदांत या देशाबाहेरील पूर्वीच्या वस्तीचा कोठे उल्लेख नाही. संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी असलेले नाते त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने अखेरचा निर्णय मोकळा ठेवला. त्याचे एकच वाक्य वेगळे काढून फडकविण्यापेक्षा ही सावधता घेणे अभ्यासकाला अधिक शोभेल. ग्रांट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यामागेही एल्फिन्स्टनचे उत्तेजन होते. मराठ्यांचा पहिला सलग इतिहास साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंटाने लिहावा! त्याला मराठीतून पहिले सज्जड उत्तर द्यावयास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांना १८६७ उजाडावे लागले आणि इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो १८९८ मध्ये.

अफगाणिस्तानविषयी त्याचे शब्द कोणी ऐकले नाहीत. १८३८ मध्ये शाह शुजाला पुन्हा काबूलच्या गादीवर बसविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याने कळविले की फौजेला अन्न पुरविता आले तर काबूल जिंकाल यात शंका नाही, पण त्या गरीब, थंड आणि दुर्गम मुलखात शुजाला टिकवून ठेवणे केवळ अशक्य आहे. तेच झाले. १८४२ च्या माघारीत इंग्रजी फौज नष्ट झाली आणि तिचा सेनापती जनरल विल्यम एल्फिन्स्टन हा त्याचाच चुलतभाऊ होता. २०२१ मध्ये अमेरिकेने काबूल सोडले तेव्हा जुन्या एल्फिन्स्टनचे पत्र पुन्हा आठवावे असेच सर्व घडले.

मुंबईकरांच्या तोंडी असलेले एल्फिन्स्टन हे नाव मात्र पुष्कळदा या एल्फिन्स्टनचे नसते. सप्टेंबर २०१७ मधील पुलावरील दुर्घटनेमुळे सर्वांना ठाऊक झालेले आणि जुलै २०१८ पासून प्रभादेवी म्हणून ओळखले जाणारे रेल्वे स्थानक १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, म्हणजे याचा पुतण्या, याच्या नावाचे होते. नाव बदलले गेले ते योग्यच झाले. पण कोणाचे नाव बदलले हे सांगताना पुष्कळांची गल्लत झाली. काकाचा पुतळा चँट्रे या शिल्पकाराने घडविलेला आहे आणि तो मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत उभा आहे.

२० नोव्हेंबर १८५९ रोजी सरे परगण्यातील आपल्या घरी एल्फिन्स्टन मरण पावला. १८५७ चे स्वातंत्र्ययुद्ध त्याने दुरून पाहिले. रंगो बापूजी त्यापूर्वीच भूमिगत झाले होते. त्यांचे पुढे काय झाले हे इंग्रजांना शेवटपर्यंत कळले नाही. त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्याला फाशी गेला होता.